इतर हक्कांच्या रकान्यातून

सातबारा हा खरं तर दोन नमुन्यांचा जोडकागद. गाव नमुना सातात जमीन कुणाची ते लिहिलेलं असतं, नमुना बारात त्या जमिनीत काय पिकलं ते. कांद्याचं रोप लावणं, कापूस वेचणं, भाताची लावणी, खुरपणी, निंदणी यांतलं जवळजवळ सगळं काम बाईचं, म्हणजे नमुना बारा तिच्याच हातांनी भरतो. नमुना सातात तिला शोधायला गेलात तर बहुतेकदा उजवीकडे 'इतर हक्क' नावाच्या रकान्यापर्यंत जावं लागतं. विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, जुन्या कुळाची नोंद, आणि त्यांच्याच रांगेत आजी, विधवा काकू किंवा आत्या. आत्याचं नाव तर तिथेही फार दिवस टिकत नाही. एखाद्या दिवाळीत भाऊ साडीचोळी करतो, तहसिलीत नेऊन हक्कसोड लिहून घेतो, आणि नावाला कंस पडतो.

खेड्यातल्या बायकांच्या संघटनांचा इतिहास सांगताना आपण सहसा हळदीकुंकवापासून सुरुवात करतो आणि बचतगटापाशी थांबतो. मला तो या रकान्यापासून सांगावासा वाटतो. कारण महाराष्ट्रात एक वेळ अशी आली होती, की शेतकऱ्यांच्या बायका लाखाच्या संख्येनं एका तालुक्याच्या गावी जमल्या आणि तिथून निघालेली वाट तीन वर्षांत थेट नमुना सातापर्यंत पोचली. ते गाव चांदवड, जिल्हा नाशिक. तारखा ९ आणि १० नोव्हेंबर १९८६.

त्याआधी बायका एकत्र येत नव्हत्या असं नाही. सावड ही संघटनाच होती: आज तुझ्या रानात सगळ्याजणी, उद्या माझ्या. भुलाबाई, भोंडला, एकादशीचं भजन यांत बायकांचं बोलणं बायकांपर्यंत पोचत असे. पण त्याला ना नाव होतं ना नोंदवही. सरकारी नोंदवही आली ती १९५२ नंतर, समूह विकास योजनेबरोबर. ग्रामसेविका आली, महिला मंडळ निघालं, शिवणयंत्र आलं, बिनधुराची चूल आली. या मंडळांची चेष्टा करायची आपल्याकडे रीत आहे. ती मला फारशी पटत नाही, कारण कित्येक बायका घराबाहेर सतरंजीवर पहिल्यांदा बसल्या त्या या मंडळांमुळेच. पण हेही खरं, की मंडळाच्या अजेंड्यावर आहार असे, आरोग्य असे, लोणची-पापड असत. शेत कधी नसे. शेताचं बोलायला विकास सोसायटी होती आणि तिथे पुरुष बसत.

अपवाद होते. बारामती तालुक्यातल्या निंबुतच्या गावकऱ्यांनी १९६३ साली सगळी ग्रामपंचायतच बायकांच्या हाती दिली. आरक्षणाचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावर बाया हजारोंनी एकाच रांगेत बसल्या आणि एकाच मुकादमाशी भांडल्या. त्याच सुमाराला शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर चाल केली, मडकी फोडली आणि मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. शहरातल्या स्त्रीमुक्तीच्या पहिल्या परिषदा १९७५ च्या. शहाद्याच्या बाया त्यांच्या दोनेक वर्षं पुढे होत्या.

चांदवडची गोष्ट सुरू होते ती मात्र कांद्यापासून.

कांद्याचं पीक जवळून पाहिलं नसेल तर पुढचं नीट कळायचं नाही. रोप टाकायचं, दीड-दोन महिन्यांचं झालं की उपटून जुड्या बांधायच्या आणि भरल्या वाफ्यात चिखलात वाकून एकेक काडी लावत जायचं. एका एकराला काही लाख काड्या लागतात. नंतर खुरपणी. मग काढणी, आणि काढलेल्या ढिगाशी विळा घेऊन बसायचं: पात डाव्या हातात, देठ राखून काप, कांदा ढिगावर, पात मागे. दिवसभर. मग प्रतवारी: मोठा माल वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाजूला. यातली लावण, खुरपणी, कापणी, निवडणी सगळी बाईची. ट्रॅक्टरवर बसून लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या मार्केटात जायचं ते पुरुषानं. लिलाव त्याच्यासमोर, पट्टी त्याच्या नावची, पैसे त्याच्या खिशात. भाव पडला तर शिव्या घालत घरी येणाराही तोच, आणि ते ऐकून घेणारी ती.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून १९७७ च्या सुमाराला चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमिनीत उतरले, तेव्हा त्यांच्या डोक्यात बाईचा प्रश्न नव्हता. शेतमालाला भाव का मिळत नाही, एवढाच प्रश्न होता. चाकणच्या कांदा आंदोलनानंतर १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी, घोषणा 'भीक नको, हवे घामाचे दाम'. मुंबई-आग्रा रस्ता बंद, रेल्वे बंद. खेरवाडीला गोळीबार झाला, माणसं गेली. या आंदोलनात बाया दिसल्या. रुळांवर बसल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या. पुढे निपाणीला तंबाखूच्या आंदोलनातही होत्या. जोशींच्या शेतकरी संघटनेतल्या पुरुषांनी त्याचं कौतुक केलं, थोडा सोयीचा विचारही केला: बाया पुढे असल्या की पोलीस जरा दमानं घेतात.

इथवर हे कुठल्याही चळवळीत घडतं तसंच घडलं. बाया मोर्च्यात, पुरुष मंचावर. वेगळं घडलं ते पुढे. बायकांची वेगळी शिबिरं घ्यायची असं संघटनेनं ठरवलं. प्रश्न तयार करून पुढे ठेवायचा नाही, बायकांनीच बोलायचं. पहिल्या बैठकांत कुणी बोलेचना. आमचं बरं आहे, भाव मिळाला की सगळं ठीक होईल, एवढंच. हे उत्तर पुरुषांना ऐकायला गोड होतं. पण बैठक लांबली, रात्र झाली, ओळख वाढली, की एखादी सुरू करी. मग पाणी, सरपण, दारू, मार, मुलगी झाली म्हणून सोडून दिलेली बहीण, असं बाहेर येऊ लागे. आणि येता येता एक प्रश्न येई, त्याला मंचाजवळ उत्तर नव्हतं: भाव मिळाला तर पैसा घरात येईल हे खरं, पण आमच्या हातात येईल का?

संघटनेचं मोठेपण मी इथे मानतो, की हा प्रश्न तिनं टोलवला नाही. जोशींनी अभ्यास केला, आणि तो 'चांदवडची शिदोरी' या पुस्तिकेत मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेतीत वरकड पिकू लागलं तशी लूट सुरू झाली. लुटारूंशी लढायला आणि लुटायला जायला लढवय्ये लागले, म्हणून पुरुष लढाईकडे वळवला गेला आणि बाई घरात कोंडली गेली. शेतकऱ्याची लूट आणि बाईची गुलामी यांचं मूळ एक. या मांडणीतल्या इतिहासाशी भांडता येईल, अभ्यासकांनी भांडणही केलं आहे. पण ती एका कारणानं कामाची ठरली. शहरातली स्त्रीमुक्ती आपल्या नवऱ्याविरुद्ध उभं राहायला सांगते, असा खेड्यातल्या बाईचा समज होता. ही मांडणी तिला सांगत होती, की भावाचं भांडण आणि तुझं भांडण एकच आहे. त्यामुळे ती नवऱ्यासोबत ट्रॉलीत बसून चांदवडच्या अधिवेशनाला येऊ शकली.

आणि ती आली. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, रेल्वेनं मनमाडपर्यंत आणि पुढे मिळेल त्या गाडीनं. संघटनेच्या मेळाव्यांची रीतच होती, की जेवण ज्याचं त्यानं आणायचं. फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा, चटणी. पुस्तिकेचं नाव शिदोरी पडलं त्याला हा असा अर्थ आहे. गर्दीचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण लाखाच्या खाली कुणी येत नाही. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला. कित्येकींनी घर आणि माहेर सोडून तिसऱ्या ठिकाणी रात्र काढली ती पहिल्यांदा.

चांदवड हे ठिकाणही बरं मिळालं. डोंगराच्या कुशीतलं गाव, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल अजून उभा, रेणुकादेवीचं देऊळ. अहिल्याबाईंच्या राज्यकारभाराच्या गोष्टी आपण शाळेत वाचतो. त्यांच्या वाड्याच्या गावात जमलेल्या बायकांपैकी कितीजणींना आपल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत खुर्चीवर बसायला मिळालं होतं? कायद्यानं पंचायतीत एक-दोन बायका असायच्या, पण सहीसाठी रजिस्टर घरीच येई.

म्हणूनच चांदवडचा मला सर्वांत धाडसी वाटणारा ठराव निवडणुकीचा आहे. पंचायत राज्याच्या निवडणुकांत बायकांनी लढायचं, तेही एक-दोन जागा मागून नाही. सगळ्या जागा बायकांनीच लढवायच्या. १९८६ साली हे बोलणं हसण्यावारी न्यायचंच होतं. पण जिल्हा परिषदांची तयारी सुरू झाली, इतर पक्षांतल्या बायकांना सोबत घेऊन समग्र महिला आघाडी उभी राहिली, आणि सरकारनं निवडणुकाच पुढे ढकलल्या. त्या काळात जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबवणं ही नित्याची गोष्ट होती, त्यामुळे सगळं बायकांना भिऊनच झालं असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात संघटनेच्या महिला आघाडीनं दारूची दुकानं बंद करण्याचं काम हाती घेतलं. मग १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत काही गावांत सगळ्या बायकांचं पॅनेल उभं राहिलं आणि निवडूनही आलं. यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातलं विटनेर ही त्यांतली दोन नावं.

विटनेरचं नाव मी मुद्दाम घेतलं. कारण तिथे पुढची पायरीही चढली गेली.

अमरावतीला १९८९ च्या नोव्हेंबरात महिला आघाडीचं दुसरं अधिवेशन भरलं आणि तिथून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. त्या गावात जोशी स्वतः येणार. यामागचा युक्तिवाद साधा होता आणि माझ्या मते संघटनेच्या सगळ्या वाङ्‌मयात तो सर्वांत टोकदार आहे. तुम्ही सरकारकडे घामाचं दाम मागता. तुमच्या घरात जिनं आयुष्यभर घाम गाळला तिचं दाम तुम्ही दिलंत का? सरकार तुमचं देणं बुडवतं, तुम्ही तिचं. आधी आपलं कर्ज फेडा आणि मग दिल्लीकडे बोट दाखवा. मुक्ती लक्ष्मीची खरी, पण त्याहून जास्त शेतकऱ्याची, घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून.

बोलायला हे सोपं. करायला गेलं की तलाठ्याचं दप्तर आडवं येई. जमीन एकट्याच्या नावावर क्वचितच, बहुतेकदा भावाभावांत सामायिक. म्हणजे आधी वाटणी हवी, आणि वाटणी म्हटली की घरात चूल वेगळी झाल्याची बोंब. बक्षीसपत्र करावं तर मुद्रांक शुल्क आलं. सोसायटीचा बोजा असला तर सोसायटीचं पत्र हवं. मग फेरफाराची नोंद, हरकतीची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची सही. आणि या सगळ्याहून मोठी हरकत चावडीवर बसलेली असे: बायकोच्या नावावर जमीन केली, तिनं उद्या माहेरची वाट धरली तर? याचं उत्तर म्हणून कित्येक गावांत माणसांनी एकट्यानं जाण्याऐवजी एकदमच जायचं ठरवलं. शंभर घरांची अट इथे कामी आली. एकट्याला लोक बायलबुद्ध्या म्हणतात, शंभरजणांना म्हणत नाहीत.

विटनेरला बायकांची पंचायत होती आणि तिथल्या घरांनी बायकांच्या नावे जमीन लावली. हळूहळू गावांची यादी वाढत गेली. दिल्लीहून 'मानुषी'च्या मधू किश्वर आल्या, त्यांनी या गावांवर लिहिलं. कासेगावच्या गेल ऑम्व्हेट यांनी आधीपासून लिहिलं होतंच. सरकारलाही हलावं लागलं: १९९२ साली लक्ष्मीमुक्ती याच नावानं परिपत्रक निघालं, आणि नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची वाट मोकळी झाली. चळवळीनं दिलेलं नाव सरकारी कागदावर तसंच्या तसं छापलं जाणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट नव्हे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. केंद्रानं ते २००५ मध्ये केलं.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. लक्ष्मीमुक्ती झाली ती ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या बायकोची. कांदा कापायला रोजानं येणारी बाई, तिच्या नवऱ्याच्याच नावावर गुंठाभर नसेल, तर तिनं कुठल्या नमुन्यात नाव शोधायचं? चांदवडच्या मंडपात ती होती का, असेल तर कुठे बसली होती, याबद्दल संघटनेच्या लिखाणात मला फारसं सापडत नाही. आणखी एक. लक्ष्मीमुक्तीत देणारा नवराच होता. त्यानं द्यायचं, त्याचा सत्कार व्हायचा, गावाचं नाव व्हायचं. तिनं हक्कानं मागितलं आणि मिळवलं, असं घडलेली उदाहरणं थोडी. ज्या नवऱ्यानं दिलं नाही त्याच्या बायकोसाठी या कार्यक्रमात जागा नव्हती. टाकलेल्या बायकांचा प्रश्न त्याच काळात सांगलीकडच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं आणि संगमनेरच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतला, तो वेगळ्या वाटेनं.

स्वतः शरद जोशींचं काय झालं, तेही सांगायला हवं. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे. एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. गावची कथा अशी, की रामानं टाकलेली गरोदर सीता इथे राहिली. तिनं गावात मूठभर गहू मागितले, ते कुणी दिले नाहीत, आणि तिच्या शापानं गावात गहू पिकेनासा झाला. पडीक झालेल्या या देवळाचा जोशींनी जीर्णोद्धार केला. त्याच काळात, ९ मार्च २०१० ला, राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मताला आलं. बाजूनं १८६ मतं पडली, विरोधात एक. ते एक मत चांदवडच्या अधिवेशनाच्या कर्त्याचं होतं.

अनेकांना हे विसंगत वाटलं. मला तितकंसं वाटत नाही. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता: दर निवडणुकीला मतदारसंघ चिठ्ठी टाकून बदलणार असेल तर कोणती बाई पाच वर्षं राबून आपला मतदारसंघ बांधेल? प्रश्न खोटा नव्हता. पण मतदानाच्या दिवशी प्रश्न कुणाच्या लक्षात राहत नाही, हात कुठे वर झाला ते राहतं. ज्या बायकांनी चांदवडला शंभर टक्के जागा लढवायचं ठरवलं होतं त्यांच्या लेकीसुनांना तोवर पंचायतीत तेहतीस टक्के जागा मिळून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या पन्नास टक्के केल्या. १२ डिसेंबर २०१५ ला जोशी गेले.

महिला आघाडीचं पुढे काय झालं? चळवळींचं होतं तेच. संघटना फुटली, कार्यकर्त्या पांगल्या, काही विधानसभेत जाऊन आल्या. गावोगाव बचतगट आले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चं, पण त्याचा गाव-पातळीवरचा पसारा वाढला तो या नंतरच्या काळात. म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. तिचा पहिला अर्ज संस्थापक बाया अंगठेबहाद्दर म्हणून नाकारला गेला होता, तेव्हा त्या अक्षरं शिकून परत गेल्या. दारूबंदीच्या मतदानात बाटली आडवी करायला गावोगाव बायका उभ्या राहिल्या. यांतल्या प्रत्येकीच्या पाठीशी चांदवड आहे असा दावा मी करणार नाही. बहुतेकींना ते नाव ठाऊकही नसेल.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीधारकांमध्ये बायकांचं प्रमाण १३.९६ टक्के निघालं. शंभरात चौदाही नाहीत.

आता सातबारा पाहायला तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. महाभूलेखावर गट नंबर टाकला की पडद्यावर दिसतो, पंधरा रुपये भरले तर डिजिटल सहीचा उतरतो. आज जेवायच्या सुट्टीत तुमच्या गावचा, तुमच्या घरचा काढून पाहा. आईचं नाव आहे का, बायकोचं आहे का, आणि असलं तर कुठल्या रकान्यात आहे, तेवढं बघा.